राखणदाराचं वळण

फोन आला तेव्हा मी बांगडे धूत होते. ते सदानेच कुडाळला माझ्या दारात टेम्पो उभा करून दिले होते, आणि पाणीसुद्धा न पिता माझा भाऊ निघून गेला होता. फोनवर गावातला कोणी होता, एवढंच म्हणाला, "बाई, सदाच्या टेम्पोक अपघात झालो... वळणार." कोणतं वळण हे मी विचारलं नाही. बांगडे शेजारणीला देऊन टाकले आणि निघाले.

आमचं गाव खाली, अगदी समुद्राला चिकटून. वर सडा, म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. गावात मोबाइलची रेंज नाही. ती येते सड्यावर चढताना शेवटच्या वळणाला, जिथे राखणदाराची, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाची, घुमटी आहे. सदा मालवणहून मासे भरून कुडाळच्या बाजारात पोचवायचा. मोबाइल घेतल्यावर त्याच्यासाठी दिवसभराचे सगळे फोन त्या एका वळणावर यायचे. गावालाही त्याची सवय झाली. घरोघरी अंदाज बांधलेला, आता सदा वळणावर आला असेल, लावा फोन! मासेवाल्या बायका, बर्फवाला, आणि घरातल्या फोनवरून त्याची बायको जयू. आणि हा पठ्ठ्या एकही फोन सोडायचा नाही. मोबाइल खांदा आणि कान यांच्यात दाबायचा, डावा हात गिअरवर, आणि घुमटी आली की उजवा हात चाकावरून उचलून कपाळाला लावायचा. चाक कोणाकडे, तर कोणाकडेच नाही.

मी एकदा त्याच्या शेजारी बसून आले आणि जीव मुठीत धरला. वळण संपल्यावर तोंड सोडलं. तो हसत होता.

"अगो ताये, थंय राखणदार आसा. स्टेरिंग तोच धरता."

"तेच्याकडे लायसन आसा?"

"तेका लायसन देतलो कोण? साहेबलोक पण थंय हात जोडतत!"

सदाशी भांडण कधी रंगायचंच नाही. चिडलेल्या माणसाला हसवून तो पुढे निघून जायचा. लहानपणी आई त्याच्यावर काठी उचलायची आणि हसत खाली ठेवायची. गावात कोणाला दवाखान्यात न्यायचं असलं, की मासे उतरवून, टेम्पो धुऊन, हा हजर. हौद्यात घोंगडी अंथरून त्याने दोन बाळंतिणी कुडाळला पोचवल्या. त्यातल्या एकीने मुलाचं नाव सदानंद ठेवलं, तर महिनाभर सगळ्यांना सांगत फिरला. असा माणूस. गाडी मात्र वाईट चालवायचा. तो गेला म्हणून मी हे झाकणार नाही.

त्या दिवशी दुपारी परतताना वळणावर जयूचा फोन आला. "भात घालू?" तिने विचारलं. तो म्हणाला, "घाल. इलंय मी." मग तिला एसटीचा हॉर्न ऐकू आला... एसटीतल्या कोणाला खरचटलंसुद्धा नाही. टेम्पो जांभ्याच्या दरडीवर आदळला. एसटीच्या ड्रायव्हरने पाहिलं होतं, समोरच्याची मान वाकडी आणि हात कपाळाला.

दिवसकार्य आटोपलं. लोक आपापल्या परीने समजूत घालत होते. कोणी नशीब म्हणालं, कोणी म्हणालं राखणदार कोपला. जयू कोणाशी बोलत नव्हती. तिने घरातल्या फोनची वायर काढून ठेवली होती. एका दुपारी मागच्या पडवीत मला म्हणाली, "वन्स, माझ्याच फोनान गेले ना ह्ये?"

नाही म्हणून तिला उडवून लावणं सोपं होतं. मी तिचा हात धरला. "तू फोन केलंस गो. उचललान तेना. थांबान उचललो असतो तर भात जेवलो असतो."

हे बोलताना मला सदाचा इतका राग आला की रडूच फुटलं. तो गेल्यापासून मी रडले नव्हते. जयूच मग मला थोपटत बसली.

पुढच्या आठवड्यात गावाने घुमटीपाशी गाऱ्हाणं घालायचं, सगळ्यांनी मिळून देवाला साकडं घालायचं ठरवलं. गावाचे मानकरी असलेल्या गावकरांनी नारळ ठेवला आणि सुरुवात केली, "बा देवा म्हाराजा, लेकरांचा काय चुकला-माकला आसात तर पोटात घाल..." सगळे ओरडले, "व्हय म्हाराजा!" तेवढ्यात बायकांमधून जयू पुढे आली.

"गावकारांनू, आणखी एक घाला. तेका हात जोडूचे तर गाडी थांबवन जोडूचे. फोन पण थांबवनच घेवचो."

गावकर गोंधळले. गाऱ्हाण्यात असलं काही आजवर कोणी घातलं नव्हतं. त्यांनी एकदा घुमटीकडे पाहिलं, एकदा जयूकडे, आणि खड्या आवाजात ते जसंच्या तसं देवाला सांगितलं. मग आजवर ऐकला नव्हता एवढा मोठा आवाज उठला, "व्हय म्हाराजा!"

आता देवाला शब्द दिलाय म्हटल्यावर कोणाची टाप आहे! वळणावर टेम्पो थांबतात, ड्रायव्हर चपला काढतात, हात जोडतात, मग दरडीला टेकून घरी बोलतात. परवा माझ्या स्कूटीवरून गावी जाताना मीही थांबले. हात जोडले. आणि पर्समध्ये मोबाइल वाजला. सदाच्या घरचा नंबर होता, जयूने वायर पुन्हा जोडली होती.

"वन्स, वळणार पोचलात?"

"पोचलंय."

"गाडी थांबयलात?"

"थांबयलंय गो."

मग म्हणाली, "मगे सांगा... भात घालू?"