अरुणचा पासवर्ड आणि बाजूला काढून ठेवलेला कीबोर्ड

नोव्हेंबरचा तिसरा रविवार, दुपारचे बारा वाजून दहा मिनिटे. ठरलेली रक्कम साडेपाच हजार – सामान त्रेचाळीसशे, मजुरी बाराशे. जागा: गंगाखेड, आमच्या घरची पुढची खोली. हजर माणसं तीन – मी, माझी बायको सुनंदा आणि परभणीहून सकाळच्या गाडीने आलेले कॉम्प्युटर दुरुस्तीवाले शकीलभाई. एवढं आधी नोंदवतो, कारण असले अनुभव वाचताना मी स्वतः पहिल्यांदा हेच शोधतो... आणि ते न सापडल्यामुळे आजवर एकावरही विश्वास ठेवलेला नाही.

आमचा कॉम्प्युटर कंपनीचा नाही, असेंबल केलेला. सुनंदाच्या धाकट्या भावाने, अरुणने, सात वर्षांपूर्वी एकेक भाग आणून बहिणीसाठी जोडला. सुनंदा त्यावर एका छापखान्यासाठी प्रश्नपत्रिका टाईप करते. दोन वर्षांपूर्वी अरुण हृदयविकाराने गेला. त्यानंतर त्या डब्यावरची धूळसुद्धा ती मला पुसू देत नाही.

दिवाळीनंतर छापखान्याने कळवलं – आमचं नवं सॉफ्टवेअर फक्त विंडोज अकरावर चालेल, सोमवारपर्यंत मशीन तयार नसेल तर काम दुसरीकडे देऊ. मी म्हणालो, नवा घेऊ, अडतीस हजारांत येतो. सुनंदा म्हणाली, "नवा आणला तर मी टायपिंगच सोडते. तुमीच बसा त्याच्यापुढं." विषय संपला.

शकीलभाईंनी तपासून सांगितलं की प्रोसेसर चालतो, मेमरी वाढवू, नवी डिस्क टाकू, फक्त बायोसमध्ये जाऊन दोन सेटिंग बदलायच्या. बायोस म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीचा, मशीनचा मूळ कारभार. तिथे गेलो तर पासवर्ड! अरुणने टाकलेला. कुणालाच न सांगितलेला.

"ताई, भाऊनं लयच पक्कं कुलूप लावलंय की," शकीलभाई म्हणाले.

सुनंदाने बोरीला अरुणच्या बायकोला, रेखाला फोन लावला. तिने लग्नाची तारीख सांगितली, मुलीचं नाव सांगितलं, मोटारसायकलचा नंबर सांगितला. एकही चालेना. तीन वेळा चुकलं की मशीन अडकतं, बंद करून पुन्हा सुरू करा. असं नऊ वेळा. बोर्डवरची छोटी बॅटरी काढून अर्धा तास ठेवली, कसलीशी पिनही जोडून पाहिली. पासवर्ड तसाच. काही बोर्डांत तो बॅटरीवर नसतोच म्हणे – म्हणजे एवढ्याला तरी कारण आहे.

त्यात कीबोर्ड नीट चालेना. आठ अक्षरं दाबावीत तर चौकटीत अक्षरांच्या जागी दिसणाऱ्या चांदण्या पाचच उमटायच्या. शकीलभाईंनी मशीनच्या मागे टॉर्च मारला आणि हसायलाच लागले. "साहेब, इथं तर अख्खं देवघर हाय!"

दसऱ्याला आमच्याकडे घरातल्या अवजारांबरोबर कॉम्प्युटरचीही पूजा होते. सात दसऱ्यांचं हळदकुंकू आणि अक्षता कीबोर्डची वायर जिथे घुसते त्या खाचेत जाऊन बसल्या होत्या. मी सुनंदाकडे पाहिलं.

"माझ्याकडं काय बघायलात? पूजा तुमीच करता!"

तेही खरंच होतं.

शकीलभाईंनी कीबोर्डची वायर उपसली, तो मांडीवर उलटा घेतला आणि त्यात अडकलेल्या अक्षता आधी ब्रशने झाडायला लागले. वायरचं टोक चहाच्या कपाशेजारी सतरंजीवर पडलेलं मी डोळ्यांनी बघत होतो. स्क्रीनवर पासवर्डची रिकामी चौकट.

तिच्यात एक चांदणी उमटली. लगेच दुसरी, तिसरी... मग थांबलं. पुन्हा दोन. थांबलं. पुन्हा तीन. आणि बायोस उघडलं.

शकीलभाईंचा ब्रश तसाच हातात. मग सुनंदा हळूच म्हणाली, "अरुण असाच टाईप करायचा. तीन अक्षरं मारायची, थांबून चष्मा वर करायचा, मग पुढची."

आता काय करावं? शकीलभाई कीबोर्ड जोडायलाच तयार होईनात. "साहेब, मला न्हाई जमायचं. तुमी लावा." माझं डोकं फिरलं. म्हणालो, "अहो, सकाळपासून ज्याच्यासाठी बसलोय ते उघडलंय. परत अडकलं तर कुणाला विचारायचं?" शेवटी मीच पुढच्या खाचेत वायर घातली, ते लांबूनच सांगत गेले आणि दोन्ही सेटिंग मी बदलल्या. संध्याकाळी साडेपाचला विंडोज अकरा सुरू झालं. सोमवारी छापखान्याला फाईल गेली. काम टिकलं.

मी स्वस्थ बसणारा माणूस नाही. पुढच्या आठवड्यात खाच साफ करून, वायर काढून, तीच चौकट समोर ठेवून सात वेळा बसलो. एकही चांदणी आली नाही. माउस जोडलेला होता, पण माउसने पासवर्ड टाईप होत नाही, हे दोन वेगळ्या माणसांना विचारलं. बिनवायरीचा कीबोर्ड आमच्या घरात नाही, शेजारी दोन्ही बाजूंना नाही. खाचेत कचऱ्यामुळे विजेचे खोटे झटके गेले असतील, असं कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणाऱ्या एकांनी सांगितलं. गेले असतीलही. पण झटक्यांना बरोबर आठ अक्षरं, तीही बरोबर क्रमाने, वर एंटर – हे कसं कळलं, यावर ते चहा पिऊन निघून गेले. पासवर्ड आम्हाला आजही माहीत नाही. कुणाकडे स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, फक्त "मनाचे खेळ" असं लिहू नका. तीन माणसांची मनं एकाच मिनिटाला एकच खेळ खेळत नाहीत.

त्या रविवारी निघताना शकीलभाईंनी सामानाचे त्रेचाळीसशे घेतले. मजुरीला हात लावेनात. "मी केलेल्या कामाचेच घेतो साहेब." मी दोनदा आग्रह केला, मग सुनंदाने माझ्या हातातून नोटा घेतल्या.

ते बाराशे सुनंदाच्या सांगण्यावरून मंगळवारी सकाळी मी रेखाच्या खात्यावर टाकले. पाच मिनिटांत तिचा फोन आला, "दाजी, हे कशाचे?"

"कॉम्प्युटर दुरुस्तीची मजुरी," मी म्हणालो.

"कुणी केली दुरुस्ती?"

मी फोन सुनंदाकडे दिला.