सारजाबाईचा मुराळी

बारामतीच्या ख्रिस्ती वस्तीत सारजाबाईला कुणी गाणी लिहिणारी म्हटलं की ती हसायची. लिहिणं तिच्या वाट्याला कधी आलंच नाही. जात्याच्या खुंट्याला हात लागला की तोंडून ओवी यायची, आणि नवरा गेणू मास्तर ती ऐकून चर्चच्या मंडळींना शिकवायचा. पण तिची एक ओवी अशी काही पसरली, की पाद्रीसाहेबांची सगळी प्रवचनं एकत्र केली तरी तेवढी पोचली नसतील. ते दिवस पाहिलेली माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. ओवी मात्र अजून म्हटली जाते.

सारजा शेळगावची. माहेरची माणसं आधी मेंढरं राखायची, पुढं कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरच्या करू लागली. थोरला भाऊ महिपती तिच्यावर जीव टाकायचा. पंचमीला तिला माहेरी न्यायला मुराळी म्हणून तोच यायचा. बहिणीला गाडीत हिसके बसू नयेत म्हणून खाली हातभर कडबा अंथरायचा. पण सन तीस साली सारजानं आणि गेणूनं बाप्तिस्मा घेतला, तेव्हा हाच महिपती दारात उभा राहून म्हणाला, "आमाला तू मेलीस." आणि पाठ फिरवून गेला.

त्या वर्षी पंचमीला वस्तीलगतच्या हिंदू गल्लीतल्या शेजारणींचे भाऊ आले. बायका हातभर काकणं भरून गाड्यांत बसल्या. सारजानं दार लोटलं, ज्वारी पुढ्यात ओढली आणि रडत दळायला बसली. तेव्हा ती ओवी आली:

पंचमीच्या सणाला, साऱ्यांचं भाऊ आलं
माझ्या गं दारामंदी, येशू मुराळी झालं

रविवारी चर्चमध्ये ती म्हटली गेली आणि बायांचे पदर डोळ्यांना लागले. बघता बघता ती इंदापूरला गेली, लासुर्ण्याला गेली. जिथं ख्रिस्ती घर औषधालाही नव्हतं, तिथल्या बायांनी येशूच्या जागी आपला विठू बसवला आणि जात्यावर म्हणू लागल्या. देव बदलला, न आलेला भाऊ तसाच राहिला.

यात नाक कापलं गेलं ते महिपतीचं. इंदापूरच्या बाजारात तो वांग्यांची पाटी घेऊन बसला की एखादी आगाऊ बाई विचारायचीच, "तुमीच का वं ते, भनीला न्यायला न गेल्यालं?" वांगी राहायची बाजूला, आसपासच्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या. गडी आधीच अबोल. तो आणखीच मुका झाला.

सात वर्षांनी, पंचमीच्या आदल्या दिवशी, सारजाच्या दारात बैलगाडी थांबली. महिपती खाली उतरला. केस पिकले होते. "चल, सारजे," एवढंच म्हणाला. सारजानं हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं आणि गाडीत बसली. अर्ध्या वाटेत तो बैलांकडं बघत बोलला, "येवढं कर बाई. ते गानं बदल. मला त्वांड दाखवाय जागा ऱ्हायली न्हाय."

"बदलते, दादा," सारजा म्हणाली. त्या घटकेला त्यानं जीव मागितला असता तरी तिनं दिला असता.

वहिनी फुलाबाईनं तिचं ताट वेगळं न मांडता आपल्या शेजारी मांडलं. मागच्या लिंबाला झोका होता. चाळिशीची सारजा पोरीसारखी उंच झोके घेत राहिली. ते दिवस तिला जन्मभर पुरले.

रविवारी महिपतीनं तिला थेट चर्चपाशी आणून सोडलं आणि गाडी खिडकीखाली उभी केली. सारजा आत गेली, सगळ्यांसमोर उभी राहिली आणि नवी ओवी म्हणाली:

पंचमीच्या सणाला, दारी घुंगराची गाडी
माझ्या गं भावाला, येशू मुराळी धाडी

मंडळींनी ऐकून घेतलं. मग मागून साखरबाई उठली. तिच्या बाप्तिस्म्यानंतर तिच्या माहेरचं कुत्रंही इकडं फिरकलं नव्हतं. "सारजे, तुजा आला गं," ती म्हणाली, "आमचं कुटं आल्यात? ते जुनंच म्हन की."

एकेक बाई जुनी ओवी धरू लागली. इकडं दादाला दिलेला शब्द, तिकडं या पोरक्या बाया. सारजानं खिडकीकडं पाहिलं. तेवढ्यात दारात सावली आली. चर्चची पायरी कधी न चढलेला महिपती वहाणा काढून उंबऱ्यात उभा होता.

"म्हन गं सारजे," तो म्हणाला, "त्येंस्नी तेच पायजे. मी आपला येत जाईन."

आणि सारजानं आवाज लावला. महिपती मरेपर्यंत दर पंचमीला आला. ओवीत मात्र तो अजून आलेला नाही.