कोणता स्पीड?

जोडलेल्या प्लेटेची पट्टी व्हाइसच्या पकडीत धरून वाकवली आणि जोड कापसाच्या बोंडासारखा उकलला. वरून आरशासारखा गुळगुळीत, आत बोगदा. दुसऱ्या दिवशी नागपूरच्या बस-बॉडी कंपनीचे इन्स्पेक्टर येणार होते आणि सत्काराच्या मांडवात अशाच प्लेटा मांडून तयार होत्या.

हे लोहाऱ्याच्या एमआयडीसीतलं. कापसाचे वाईट दिवस होते. जिनिंगवाल्यांची दुरुस्तीची कामं आटली, तसं आमचं वर्कशॉपही सुकलं. म्हणून मालक दिलीपभाऊंनी नवं काम धरलं: बसच्या पायऱ्यांसाठी अ‍ॅल्युमिनियमच्या प्लेटा जोडायच्या, फ्रिक्शन स्टर वेल्डिंगनं. नमुना पास झाला तर शॉप चालू, नाही तर शटर खाली. मी तिथली वेल्डिंग इंजिनिअर. नमुना व्हायचा होता, बॅनर आला होता: 'औद्योगिक क्रांतीची पहाट'.

पद्धत नावाइतकी अवघड नाही. दोन प्लेटा शेजारी घट्ट धरायच्या आणि सांध्यात फिरतं टूल दाबून पुढे न्यायचं. घर्षणानं धातू वितळत नाही. कणकेसारखा मऊ होतो आणि घोटला जाऊन एकजीव होतो. आमच्या जुन्या मिलिंग मशीनवर टूल जागेवर फिरायचं आणि प्लेटा धरलेलं टेबल सरकायचं. म्हणजे स्पीड दोन: टूलची फिरकी आणि टेबलाची चाल.

ऑपरेटर सुधाकर राठोडला विचारलं, "टेबल का पळवलंस?"

"भाऊचा फोन आलता, मॅडम. म्हने, पाहुणे येऊन राह्यले, स्पीड वाढव."

"कोणता स्पीड?"

"थे नाही सांगतलं. पन घाई चालीतच असते ना. फिरकीत कोनाले घाई?"

तर्क बिनतोड होता. जोड मात्र नव्हता. टेबल पळालं की धातूला तापायला सवड मिळत नाही, टूलच्या मागची जागा भरत नाही आणि आत पोकळी राहते.

एवढ्यात भाऊ आले. "मंग फिरकी वाढवा ना! फुल करा!"

फुल केली. चालही मंद केली. आता कडेनं धातूची झालर निघाली. वाकवल्यावर जोड टिकला आणि शेजारची प्लेट फाटली. या मिश्रधातूला टणकपणा तापवून, थंड करून दिलेला असतो. आच जास्त झाली की तो उतरतो.

मग फिरकी थोडी उतरवली, चाल थोडी चढवली. पट्ट्या वाकवत गेलो. संध्याकाळी एक पट्टी चिमट्यासारखी दुमडली, चीर नाही. त्याच सेटिंगवर एक पूर्ण प्लेट जोडली. जोडावर बारीक वळ्या होत्या, चकाकी बेताचीच.

भाऊंचं तोंड उतरलं. "हे खाली ठेवू. वर त्या चमकदारच मांडू."

"इन्स्पेक्टर वरचीच उचलतील."

"कायले उचलतील? सत्कार आहे ना त्याहिचा!"

मी वाद घातला नाही. चमकदार प्लेटा प्रेसवर नेऊन एकेक वाकवल्या. सगळी बोंडं फुटली. भाऊ कपाळाला हात लावून म्हणाले, "मॅडम, वेचनी काढली काय तुम्ही?"

सकाळी टेबलावर एकच प्लेट होती. इन्स्पेक्टरांनी शाल खुर्चीवर ठेवली, नारळ शालीवर ठेवला आणि म्हणाले, "वाकवा." प्लेटेची पट्टी कापून वाकवली. त्यांनी जोडावरून नख फिरवलं, भिंग लावलं. सुधाकर बॅनरकडे बघत उभा होता. त्या घटकेला बघण्यासारखं दुसरं काही नव्हतं.

"ठीक आहे. ऑर्डर पाठवतो."

भाऊंनी लगेच माइक धरला. "मित्रहो, आता या जिल्ह्याच्या प्रगतीचा स्पीड वाढवायचा आहे!"

टाळ्यांसाठी ते थांबले. मागून सुधाकरचा आवाज आला, "कोनता, भाऊ?"

शॉपमध्ये त्या दिवसापासून कोणीही हुकूम सोडला की आधी हाच प्रश्न विचारायची पद्धत पडली. भाषणं कमी झाली नाहीत. बोगदे मात्र कमी झाले.