शोभेचं इंजिन

गोंदियाला रेल्वे कचेरीत मी कारकून होतो. साहेबांचं इंग्रजी कामगारांना समजावून सांगणं हेही माझंच काम. तिथल्या एका फिटरचं नाव मी कधी विचारलं नाही. दवनीवाड्याचा होता, एवढंच ठाऊक.

साहेबांनी बंगल्याच्या बागेत छोट्या आगगाडीचे रूळ घातले होते. रुळांच्या कडेला मांडायला त्यांचं लहानपणचं खेळण्यातलं वाफेचं इंजिन होतं, गंजून बंद पडलेलं. ते नुसतं पुसायला फिटरला बोलावलं होतं. त्यानं आठ दिवस खपून ते दुरुस्त केलं. पाणी भरलं, खाली स्पिरिटचा दिवा लावला, ओंजळीनं वारा अडवला. चाक फिरू लागलं तेव्हा तो हसला. त्याला हसताना मी तेवढं एकदाच पाहिलं.

साहेब म्हणाले, "हे शोभेचं आहे. वाफेनं फुलं करपतील. चाकाला कथलाचा डाख लावून ते कायमचं बंद कर."

मी मराठीत सांगितलं.

"बाबू, चालतं इंजिन कोनी मारते का? साहेबाले समजावून सांगा ना जी."

"काय म्हणतो?" साहेबांनी विचारलं.

"उद्या करतो म्हणतो," मी इंग्रजीत उत्तर दिलं.

साहेबांनी खूश होऊन मान हलवली. फिटरला वाटलं, आपलं म्हणणं पटलं. त्यानं मला हात जोडले.

दुसऱ्या दिवशी मीच त्याला खरं सांगितलं, की त्याचं म्हणणं मी साहेबांना सांगितलंच नव्हतं आणि हुकूम तोच आहे. त्यानं डाख लावला.

पुढे तो रोज दिसायचा, पण आपल्या बोलीतला एक शब्दही माझ्याशी बोलला नाही. साहेबांच्या माणसांशी बोलावं तसं हिंदीत म्हणायचा, "सलाम, बाबूजी."