इमामचा खेकडा

आटपाडीत पाण्याची मोटर जळली की माणसं इमाम पिंजारीकडं यायची. जळकी तार उकलायची, नवी गुंडाळायची, हे काम बसून करता येतं, आणि इमामला बसून करण्यासारखंच काम हवं होतं. लहानपणी पोलिओनं त्याचा डावा पाय नेला होता. आता गाव कसं असतं ते तुम्हाला ठाऊकच आहे. गडी संसाराला लागला, गावाच्या निम्म्या मोटरी त्यानं भरल्या, तरी त्याला सरळ नावानं हाक मारणं कुणाला जमलं नाही. लंगडा इमाम, झालं.

एकाच ठिकाणी त्याला उस्ताद म्हणत. एसटी स्टँडसमोर आप्पासोनं पत्र्याच्या खोलीत व्हिडिओ गेमची मशीनं टाकली होती. त्यातल्या एकावर दोन राक्षस झुंजायचे. मशीन परदेशातलं, पडद्यावरची अक्षरं कुणाच्या बापाला वाचता येत नव्हती, तेव्हा राक्षसांची बारशी गावानंच केली. रेडा, पाल, गिधाड, खेकडा. सगळे रेडा घेत, कारण रेडा धावून शिंगं मारी. इमाम खेकडा घेई. खेकड्याला धाव नाही, उडी नाही, पाठीवर टणक कवच तेवढं. समोरचा मारतोय तोवर इमाम कवचाखाली गुमान बसून राही. बटणं बडवून बडवून समोरच्याचा हात दमला, की एक पाऊल पुढं आणि नांगीचा एकच चावा. बघणारे चिडत, ही काय झुंज म्हणायची का, असं म्हणत. पण उस्तादाला कुणी हरवू शकलं नव्हतं.

त्या खोलीचा एक रिवाज होता. आटपाडीच्या विजेचा काही नेम नसे. रानातले पंप एकदम बंद पडले की दाब असा चढायचा की बल्ब फटाफट फुटायचे. म्हणून मशीनशेजारी काटा असलेला स्टॅबिलायझर ठेवला होता. काटा तांबड्यात शिरला की इमामच आधी ओरडे, “हात सोडा!” दोन्ही खेळाडू मशीनचा दांडा सोडून हात वर करीत, आप्पासो मेन स्विच पाडी, आणि दाब उतरल्यावर झुंज पहिल्यापासून लागे. हात वर केलेल्याला मारणं म्हणजे नीचपणा. एकानं तसं केलं, तर आप्पासोनं त्याच्या कानाखाली वाजवून त्याला हाकलला होता.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर आप्पासोनं सांगलीत व्हिडिओ गेमचं मोठं दुकान थाटलं. ते चालवायला तिथं राहणारा माणूस हवा होता. दुकानामागं खोली, खोलीत नळाचं पाणी. आप्पासो हौशी. त्यानं जाहीर केलं, रविवारी सांगलीत झुंजी लावू, जिंकेल त्याच्या हातात दुकानाची किल्ली.

इमामनं घरी येऊन सांगितलं तेव्हा त्याची बायको शाहजादी भाकरी थापायची थांबली. “आवं, तितं तुमाला कोन वळखत न्हाई,” ती म्हणाली. “तितं तुमी दुकानदार.” लग्न होऊन आल्यापासून नवऱ्याच्या नावाआधी लागणारा तो शब्द तिनं रोज ऐकला होता.

सांगलीत पहिल्या झुंजी जुन्या मशीनवर झाल्या. इमामच्या खेकड्यानं शहरातले रेडे एकापाठोपाठ एक लोळवले. शेवटची झुंज मात्र आप्पासोनं नव्या मशीनवर लावली, गर्दी जमावी म्हणून. राक्षस तेच, पण खेळ बदललेला. सांगलीकर महिनाभर त्यावर हात साफ करत होते. पडद्याच्या तळाशी दोन्ही बाजूंना एकेक निळी पट्टी नवी होती. इमामनं ती पाहिली आणि कुणाला विचारलं नाही. उस्तादानं काय कॉलेजच्या पोरांना विचारायचं? आणि आप्पासोला वाटलं, उस्तादाला काय सांगायचं! दोघांच्या अकलेची आरतीच करायला हवी.

समोर रोहन नावाचा कॉलेजकुमार बसला. त्यानं रेडा घेतला. इमाम नेहमीसारखा कवचाखाली बसला. रेड्याच्या दर धडकेसरशी इमामच्या बाजूची पट्टी चढत गेली. निळ्याची पिवळी झाली, मग तांबडी होऊन उघडझाप करू लागली. इमामचा जन्म जळक्या मोटरी उकलण्यात गेला होता. शहरातलं मशीन आहे, काटा आतच बसवलाय, असं त्याच्या मनानं घेतलं.

“हात सोडा! दाब चढला!” तो ओरडला आणि त्यानं दोन्ही हात वर केले.

रोहननं क्षणभर त्याच्याकडं पाहिलं. गडी काहीतरी नाटक करतोय असं त्याला वाटलं. रेड्यानं खेकड्याला कोपऱ्यात घालून तुडवला. “आरं, थांब की रं! हात वर हायती माजं!” इमाम म्हणत राहिला. गर्दी हसत होती. आप्पासो वाट काढत पुढं येईतो झुंज संपली होती.

“दादा, ती पट्टी करंटची नाही,” रोहन म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. “मार खाल्ला की ती भरते. पूर्ण भरली की दोन्ही बटणं एकदम दाबायची, मग राक्षस रूप पालटतो आणि एका फटक्यात समोरचा खलास. म्हणून तर आता धावून मारणारे मागं पडले. आम्ही सगळे मार खायला शिकतोय. पण तुमच्याइतका मार सोसणारा मी बघितलाच नाही. नुसतं दाबलं असतं ना, तर मी गेलो होतो.”

त्यानं कौतुकच केलं होतं. याहून वाईट इमामला आजवर कुणी काही बोललं नव्हतं.

“आप्पा, येकदा परत लावा,” तो कसाबसा म्हणाला.

आप्पासोनं नजर चुकवली. “इमाम, ज्याला मशीन कळंना त्येच्या हातात दुकान कसं दिऊ रं?” रोहनला परीक्षा होती, त्याला किल्ली नकोच होती. ती आप्पासोच्या मेहुण्याला मिळाली.

इमाम घरी आला तेव्हा भांडी पोत्यात बांधून झाली होती. कोंबड्या शाहजादीनं शेजारच्या बनुबाईला देऊन टाकल्या होत्या.

“कवा निघायचं वो?” तिनं विचारलं.

त्यानं सगळं सांगितलं. तिनं चिडावं, चार शिव्या घालाव्यात, असं त्याला फार वाटत होतं. ती पोत्याची गाठ धरून बसून राहिली.

“म्हंजी जितायचं बटन तुमच्या हाताखालीच हुतं?”

“व्हय.”

“अल्लाच्या मनात नसंल.”

“त्येचं नाव घिऊ नगंस,” इमाम म्हणाला आणि रडू लागला. “मीच कुनाला इचारलं न्हाई.”

शाहजादी उठली. कोंबड्या परत मागायला आपल्या दारापर्यंत गेली, आणि बनुबाईला तोंड दाखवायची लाज वाटून तिथंच उंबऱ्यावर बसली.