राखीव जागेचा एक पानी फॉर्म

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं. सोफ्यावर बसलेल्या भाऊंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि त्यांचं 'तुम्ही' तिथंच संपलं.

"अच्छा, म्हणजे आमच्या मास्तरांच्या वस्तीतली तू. बरं झालं. लिही आता, मी सांगतो तसं."

मास्तर म्हणजे उमेदवार. आयुष्यभर शाळेत शिकवलेला माणूस. सोफ्यावर जागा होती, तरी ते दाराजवळच्या खुर्चीत बसले होते. मांडीवर भाऊंची बॅग, हातात भाऊंचा फोन. फोन वाजला की नाव वाचून दाखवायचे आणि विचारायचे, "घेऊ का, भाऊ?"

नोएडातलं आमच्या सर्व्हे कंपनीचं ऑफिस. तिकीटवाटपाच्या आधी पक्ष आमच्याकडून इच्छुकांची माहिती काढून घेतात. टीममध्ये मराठी मी एकटीच, त्यामुळे महाराष्ट्र विधानसभेच्या जागा माझ्या गळ्यात. खुल्या जागेवरच्या इच्छुकाचा फॉर्म सहा पानी. शिक्षण, केलेली कामं, शाळा, पाणी, पुढं काय करणार, सगळं विचारायचं. राखीव जागेचा फॉर्म एक पानी. पहिला रकाना, 'कोणाचा माणूस'. दुसरा, 'ऐकेल का'. त्याला पाचपैकी गुण मी द्यायचे. उमेदवाराचं नाव पार तळाशी.

सहा वर्षं मी हे फॉर्म भरले. खोटं कशाला सांगू. पहिला फॉर्म भरताना चीड आली होती. मग सवय झाली. फरीदाबादहून मेट्रो बदलत यायचं, तशीच परत जायचं, घरी लेकीचा अभ्यास. रोज चिडायला अंगात बळ कुठून आणायचं?

भाऊ मतदारसंघातले मोठे पुढारी, पण जागा राखीव. त्यांना स्वतःला लढता येत नव्हतं, म्हणून मास्तर. माझं गावही त्याच मतदारसंघात, पण भाऊ मला ओळखत नव्हते; आडनावावरून त्यांनी फक्त जात ओळखली होती.

"कोणाचा माणूस? माझा, लिही. ऐकेल का? पाच. यानं आजवर मान वर केली नाही."

मास्तर हसले. ते हसू मी घरात बघितलंय. माझे बाबा राखीव जागेवर सरपंच होते. सरपंचाचा शिक्का मात्र पाटलांच्या कपाटात. सही हवी असली की निरोप यायचा. बाबा त्यांच्या पायरीवर बसून सही करायचे, आणि पाटलीणबाई वरून चहा ओतायच्या. कप वेगळा. मी नऊ वर्षांची होते. बाबा घरी येऊन म्हणायचे, "आज मीटिंग झाली."

मी एक पानी फॉर्म बाजूला ठेवला. सहा पानी घेतला.

"मास्तर, आपल्या तालुक्यात एकच शिक्षक असलेल्या शाळा किती?"

मास्तर दचकले. मग बोलायला लागले. गावं सांगितली, मुलींची गळती सांगितली, कुठल्या वस्तीवरून ओढा ओलांडून पोरं येतात ते सांगितलं. मांडीवरची बॅग घसरून खाली पडली, त्यांच्या लक्षातही आलं नाही. इतका तयारीचा इच्छुक मी सहा वर्षांत बघितला नव्हता.

"सर, ये क्या चल रहा है?" भाऊ शेजारी बसलेल्या आमच्या ऑफिसच्या सरांकडे वळले.

सर मला म्हणाले, "मैडम, रिझर्व्ह सीट है यार. एक पेज में हो जाता है. इमोशनल मत होइए."

मी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात मास्तर हळूच म्हणाले, "ताई, पाच लिहा. तुमचं अगदी बरोबर आहे. पण तुम्ही इथं राहता. मला यांच्याबरोबरच परत जायचंय."

भाऊंचं मला काही वाटलं नव्हतं. हे लागलं. कारण खरं होतं. मी इतक्या लांब बसून आमच्याच माणसांच्या लाचारीला गुण देत होते.

तो एक पानी कागद मी भाऊंपुढे सरकवला. "पाच तुम्हीच लिहा. खाली सहीही तुमचीच करा. माझ्या हातानं यापुढे हे होणार नाही."

भाऊंनी कागदाला हात लावला नाही. सर म्हणाले, "आप बाहर जाइए." मी गेले. महिनाअखेरीला नोकरीही गेली.

मास्तरांना तिकीट मिळालं. ते निवडूनही आले. विधानसभेत अजून एकदाही तोंड उघडलेलं नाही. मला त्यांचा राग येत नाही. नुसतं थकायला होतं.

गावच्या मतदारयादीत माझं नाव अजून आहे. पुढच्या निवडणुकीत मी तिथून अर्ज भरणार आहे, मास्तरांच्या विरोधात. तोवर जागा खुली झाली तरी भरणार. हरेन बहुतेक. लेकीला सांगून झालंय, सामान बांधायला घेतलंय.

काल मास्तरांना फोन केला. त्यांना हे माझ्याच तोंडून कळायला हवं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, भाऊंना सांगू का?"

मी म्हटलं, "सांगा."