आपाला दिलेला शब्द

मी गाव सोडलं त्या दिवशी माझी पेटी आपाने डोक्यावर घेतली होती. घरापासून धक्क्यापर्यंतची वाट उताराची आणि दगडांची. मी चोवीस वर्षांचा धडधाकट माणूस, पण तिच्यामागून मोकळ्या हातांनी चालत होतो, कारण पेटी घ्यायला गेलो तर तिने हात झटकून टाकला होता. आमचं गाव बाणकोटच्या खाडीवर. होडीने पलीकडे जायचं, तिथून एसटीने मुंबई आणि मुंबईहून विमान. होडीत पेटी ठेवून झाल्यावर आपा म्हणाली, "मागे बघू नको. बाबाचं मी बघते." मी मागे बघितलं नाही. तिने सांगितलेलं सगळं ऐकायची मला सवयच होती.

आपा म्हणजे माझी थोरली बहीण. मी आठ वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा आपा बारा वर्षांची होती. त्या दिवसापासून चूल तिची आणि मीही तिचाच. पुढे तिचं लग्न खाडीकाठच्याच एका गावात ठरलं. साखरपुडा झाला. आणि त्याच हंगामात बाबा माडावरून पडले ते कायमचे अंथरुणाला खिळले. माझा कुवेतचा व्हिसा आला तेव्हा घरात दोघांपैकी एकालाच बाहेर पडता येणार होतं. आपाने कुणाला न विचारता मुलाकडच्यांना निरोप पाठवला की, मी आता लग्न करू शकत नाही. मला हे कळलं तेव्हा निरोप पोहोचूनही गेला होता. निघताना बाबांच्या पायाशी वाकलो, तर त्यांनी चालणारा एक हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि म्हणाले, "जाशील तिथे नाव राख." बहिणीबद्दल त्यांनी काही सांगितलं नाही. सांगायची गरज त्यांना वाटली नसावी.

कुवेतमध्ये मी शुवैखला गाड्यांच्या स्पेअर पार्टच्या दुकानात लागलो, आणि मालक बदलले तरी अजून तिथेच आहे. पहिली काही वर्षं आठ जणांच्या खोलीत काढली. उन्हाळ्यात दुकानाच्या शटरला हात लावला तर भाजायचा. नळाचं पाणी थंड व्हावं म्हणून सकाळीच बादल्या भरून ठेवायचो. इकामा दरवर्षी नवा होईपर्यंत जीव टांगणीला असायचा. इकामा म्हणजे इथे राहायचा परवाना. तो आहे तोवर माणूस आहे.

तीन वर्षांनी बाबा गेले. मी मातीला पोहोचलो नाही. पुढे आपाचंही लग्न झालं, एका बिजवराशी. तो बोटीवर खलाशी होता. एक मुलगा झाला आणि चार-पाच वर्षांत नवराही वारला. त्या मुलाचं नाव मी इथे लिहीत नाही. भाचा एवढंच म्हणतो. कारण पुढे कळेल.

माझंही लग्न झालं. नसीमा म्हसळ्याकडची. पगार थोडा वाढल्यावर तिला इकडे आणलं आणि बनेद अल-गारमध्ये दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. सना तिथेच जन्मली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या टाक्या आणि दोन इमारतींच्या फटीतून बोटभर समुद्र दिसतो. सना लहानपणी त्या फटीला "अवर सी" म्हणायची. आम्ही घरात कोकणी बोलायचो आणि ती इंग्रजीत उत्तर द्यायची. पाहुण्यांना त्याचं कौतुक वाटायचं आणि मलाही. आपल्याच घरात दोन भाषा समोरासमोर बसल्या आहेत, याचं काही वाटून घ्यावं असं तेव्हा सुचलं नाही.

सना आठ वर्षांची असताना आम्ही सुट्टीला गावी गेलो. आपाने फणसाची सांदणं केली होती. अंगणात दहाबारा नातेवाईक बसले होते. सना तिच्या हातून खात होती आणि आपा तिच्या केसांतून हात फिरवत सगळ्यांसमोर मला म्हणाली, "रज्जाक, मी आजवर तुझ्याकडे काय मागितलं?"

मी म्हणालो, काहीच नाही.

"मग ही मला दे. माझ्या लेकासाठी."

हो म्हणायला मला विचारही करावा लागला नाही. आमच्यात मामाची मुलगी करणं नवीन नाही. शिवाय मागणारी आपा होती. लोकांनी तिथल्या तिथे मुबारकबाद दिली. त्या दिवसापासून गावात सना आपाची सून झाली. परतीच्या विमानात नसीमाने एवढंच विचारलं की, मुलीला मोठी तर होऊ द्यायचं ना. मी म्हणालो, शब्द दिलाय. तिने झोपलेल्या सनाच्या अंगावर शाल ओढली आणि मला वाटलं, तिला पटलं.

सोळा वर्षं हा शब्द माझ्या मनात सुखाने पडून होता. दर शुक्रवारी दुपारी आपाला फोन व्हायचा. आधी नुसता आवाज, मग चेहरा. सना शिकून एका क्लिनिकमध्ये लॅब टेक्निशियन झाली. भाचा गावाकडेच आयटीआय करून बोटींची इंजिनं दुरुस्त करू लागला. गेल्या वर्षी एका शुक्रवारी आपाने फोनवर पेटी उघडून दाखवली. सनासाठी जमवलेल्या साड्या, एक हिरवा शालू, तिच्या स्वतःच्या साखरपुड्यातली चांदीची जोडवी. ती म्हणाली, ईद झाली की तारीख धरू.

सना तेव्हा शेजारीच बसली होती. फोन बंद झाल्यावर ती म्हणाली, "अब्बा, आय डोन्ट इव्हन नो हिम." मी तिला समजावलं की ओळख होईल, मुलगा चांगला आहे, आपल्या घरातला आहे. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि मग चक्क आमच्या भाषेत म्हणाली, "शब्द तुमी दिला. मी कुठे दिला?"

माझ्याजवळ होतं ते फक्त पेटी डोक्यावर घेतलेल्या आपाचं चित्र होतं, आणि ते मी सनाला कसं दाखवणार? तरी प्रयत्न केला. बाबांचं अंथरूण, मोडलेला साखरपुडा, सगळं सांगितलं. ती म्हणाली की आत्याने तुमच्यासाठी केलं ते खूप मोठं होतं, पण त्याची परतफेड मी का करायची. दोन महिने घरात जेवणाच्या वेळेलाही टीव्ही चालू असायचा, कुणाला बोलावं लागू नये म्हणून. मी ओरडलो नाही. पण मी जेवण कमी केलं, गप्प बसू लागलो, आणि हे सगळं सनाला दिसेल असं करत होतो. आज मला त्याची लाज वाटते.

एका शुक्रवारी संध्याकाळी ती मला दस्मानकडे समुद्रावर फिरायला घेऊन गेली. वारा होता, मुलं पतंग उडवत होती. आम्ही बराच वेळ चाललो. मग कठड्याशी थांबून तिने सांगितलं की ती तयार आहे. आनंदाने नाही, पण तुम्हाला असं बघवत नाही म्हणून. वर्षभरात भाच्याला इकडे कामाला आणायचं, एवढी एकच अट. मी मान हलवली. मला वाटायला हवा होता तो आनंद वाटला नाही. तिचा चेहरा बघून मला आपा आठवली, तो निरोप पाठवून आल्यानंतरची, भाकऱ्या थापत बसलेली. पण मी हेही तिला बोललो नाही. मी म्हणालो, शाबास बेटा.

दुसऱ्याच दिवशी सकाळी दुकानात भाच्याचा फोन आला. तो मला एकटा कधी फोन करत नसे. मी मागच्या रॅककडे गेलो. तो म्हणाला, मामू, रागावू नका, हे लग्न मला करायचं नाही. पलीकडच्या गावातली एक मुलगी आहे, आम्ही तीन वर्षं एकमेकांना ओळखतो. अम्मीला एकदा सुचवून बघितलं, तर ती दोन दिवस जेवली नाही. मी म्हणालो, मग मर्दासारखा पुन्हा सांग.

"मामू, तुम्ही नाही म्हणा," तो म्हणाला. "ती तुमच्यावर रागावेल. तुम्ही लांब आहात. माझ्यावर रागावली तर तिला दुसरं कोण आहे?"

आणि त्याने माझ्याकडून वचन घेतलं की, तो काय बोलला हे आपाला कधीही कळता कामा नये. मी दिलं. पुन्हा एकदा, फारसा विचार न करता. मुलगा रडत होता, पुढे गिऱ्हाईक फिल्टरसाठी हाका मारत होतं, आणि तो म्हणत होता त्यात मला काही चुकीचं सापडेना. मी लांब होतो. तीस वर्षं लांब होतो. बहिणीचा राग झेलायला लांबचा माणूसच बरा.

घरी येऊन सनाला सांगितलं की, मी विचार बदललाय, आत्याला मी नाही म्हणणार आहे. ती गळ्यात पडून लहानपणी रडायची तशी रडली. तिला वाटलं, बापाने आपल्यासाठी बहिणीला दिलेला शब्द मोडला. आजही ती मैत्रिणींना हे अभिमानाने सांगते, माझे अब्बा वेगळे आहेत म्हणते. मी तिचा हा समज दूर करू शकत नाही. खरं तर मी तिला तिच्या इच्छेविरुद्ध द्यायला निघालो होतो, आणि भाच्याचा फोन एक महिना उशिरा आला असता तर दिलंही असतं.

पुढच्या शुक्रवारी आपाला फोन लावला. सनाचं मन नाही असं सांगितलं असतं तर आपाने सनाला जन्मभर बोल लावला असता. म्हणून मी म्हणालो, "आपा, मला मुलगी गावात द्यायची नाही." हे वाक्य मी आठवडाभर घोकलं होतं. म्हणताना ते मला दुसऱ्याच कुणाचं वाटलं.

पडद्यावर तिच्यामागे कोंबड्यांचा आवाज येत होता. मला वाटलं, ती भांडेल, जुनं काढेल. मला ते हवं होतं.

"ज्या घरी मी तुझ्यासाठी गेले नाय," ती म्हणाली, "ते घर होडीतून अजून दिसतं रे मला."

एवढं बोलून तिने फोन ठेवला. पुढच्या शुक्रवारी उचलला नाही. त्याच्या पुढच्याही.

चार महिन्यांत भाच्याचं लग्न झालं, त्याच मुलीशी. आपाने भावाला दाखवून देण्याच्या हट्टाने मिळेल ती पहिली मुलगी पसंत केली, आणि ती पहिली मुलगी कोण असेल याची व्यवस्था भाच्याने करून ठेवली होती. आम्हाला आमंत्रण नव्हतं. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हळदीचे फोटो आले. नवरीच्या अंगावर तो हिरवा शालू होता. नसीमा म्हणाली, बरं झालं, वाया नाही गेला. भाच्याचा मला एकच मेसेज आला, की मामू, शुक्रिया, कधीतरी अम्मीला सांगेन. मी तो पुसला नाही. त्याने अजून सांगितलेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात मी एकटाच गावी गेलो. आता खाडीवर गाड्या नेणारी मोठी बोट आहे. मी सरळ आपाच्या दारात गेलो. भाच्याच्या बायकोने ओटीवर खुर्ची दिली, तिला दिवस गेले होते. भाचा दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला आणि माझ्याकडे बघेना. आपा बाहेर आली. थकली होती, पण पदर नीट डोक्यावर होता. तिने माझी, नसीमाची, सनाचीही खुशाली विचारली. आतून चांगल्या कपबशा आल्या, पाहुण्यांसाठी असतात त्या.

मी म्हणालो, आपा, मला काही बोलायचंय. भाच्याने मान वर केली. त्याची बायको पोटावर हात ठेवून उभी होती. आपा वाट बघत होती, आणि मला दिसलं की ती खरंच वाट बघते आहे, मी काहीतरी सांगावं आणि तिला मला माफ करता यावं म्हणून. एक वाक्य पुरलं असतं. ते बोललो असतो तर मला बहीण मिळाली असती आणि तिचा मुलगा तिच्यापासून तुटला असता.

मी म्हणालो, काही नाही, तब्येतीला जप.

आपा उठली. "जेवून जा तुम्ही," ती म्हणाली. "भाकऱ्या होतायत."

तुम्ही. आमच्या घरात पाहुण्याला तुम्ही म्हणतात.

मी जेवलो. तिने वाढलं. सुकटीची चटणी, तांदळाची भाकरी, सगळं पूर्वीसारखंच होतं, आणि तिने आग्रहही केला, जसा पाहुण्याला करतात.

परत येऊन तीन महिने झाले. शुवैखच्या दुकानात मला भाई म्हणतात, अरब गिऱ्हाईक सदीक, म्हणजे दोस्त, म्हणतं, घरात नसीमा आणि सना दोघीही तुम्ही म्हणतात. गेल्या महिन्यात इथल्या आमच्याकडच्या लोकांच्या जेवणाला एकाने विचारलं, रिटायर झाल्यावर घरी जाणार ना? मी हो म्हणालो. लोकांना सांगायला घर म्हणजे ते खाडीवरचं कौलारू घर. ते अजून आहे, सातबाऱ्यावर माझंही नाव आहे. पण मला आता कळलंय की घर म्हणजे मला तू म्हणणारं माणूस होतं, आणि ते एकच उरलं होतं. आपा अजून त्याच गावात राहते, दर शुक्रवारी दुपारी तिचा फोन तिच्या उशाशी असतो, हे मला ठाऊक आहे. तिला वाचता येत नाही. मी लिहिलेलं हे कुणी तिला वाचून दाखवलं तर मी काय करू शकणार आहे? आणि नाही दाखवलं, तरी काय करू शकणार आहे?